हॉल कोणाचा?

गेल्या महिन्यातल्या एका रविवारची गोष्ट. दुपारी चारला फोन आला, "काकू, आम्ही डोंबिवलीतच आलोय, तासाभरात डोकावून जातो." झालं! घरात एकदम धावपळ. चहाचं आधण नंतर, आधी खेळणी. मुलाने कपाटातली एक जुनी चादर ओढली, हॉलच्या मधोमध पसरली आणि दिसेल ते खेळणं तिच्यात टाकायला सुरुवात केली. ठोकळे, भातुकली, तीन चाकांचा जेसीबी (चौथं चाक केव्हाच गेलं), बाहुली, कोड्याचे तुकडे, खडू, रिकाम्या आगपेट्या, सगळं एकाच चादरीत. चार टोकांची गाठ मारली आणि ते परटाचं गाठोडं माझ्या दिवाणाखाली सारलं. पंधरा मिनिटांत हॉल चकाचक.

साडेचार वर्षांची नात स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून हे सगळं बघत होती. एक शब्द बोलली नाही.

पाहुणे आले. पोहे झाले, चहा झाला, कोणाचं कुठे जमलं आणि कोणाचं मोडलं हेही झालं. निघताना पाहुण्या बाई चपला घालत म्हणाल्या, "घर काय सुरेख ठेवलंयत हो! लहान मूल आहे असं वाटतच नाही!" सूनबाई हसली. मुलगाही सुखावला. सवयीने मीही हसले.

रात्री साडेदहाला नातीला बाहुली हवी झाली. एका डोळ्याची ती चिंध्यांची बाहुली कुशीत असल्याशिवाय तिला झोप येत नाही. मग गाठोडं बाहेर निघालं, गाठ सुटली, दीड-दोनशे वस्तूंचा ढीग हॉलमध्ये सांडला आणि आम्ही तीन मोठी माणसं टॉर्च घेऊन बाहुली शोधायला लागलो. बाहुली अगदी तळाशी निघाली. तोवर पोर रडून रडून झोपली होती. तो ढीग आवरायला अकरा वाजून गेले. कोणी आवरला, हे सांगायला नकोच.

त्या रात्री दिवाणावर पडल्यापडल्या ते वाक्य माझ्या डोक्यात फिरत राहिलं. लहान मूल आहे असं वाटतच नाही. मंडळी, ही स्तुती आहे? घरात मूल आहे, ते दिवसाचे बारा तास याच हॉलमध्ये असतं, तरीही ते आहे असं वाटत नाही, याचा आनंद मानायचा? उद्या कोणी म्हणालं, "काकू, तुम्ही इथे राहता असं वाटतच नाही," तर मी त्यांना चहा देईन का?

म्हणून आज हे लिहायला बसले आहे. माझं म्हणणं सरळ आहे. छोट्या घरात खेळणी कशी लपवायची हा प्रश्नच चुकीचा आहे. खेळणी लपवायची नसतात, ठेवायची असतात. लपवणं आणि ठेवणं यांत जो फरक आहे, तो नीट कळला तर निम्मा पसारा आपोआप कमी होतो.

पण आधी हॉल कोणाचा, ते ठरवू या.

आमचा हॉल दहा बाय चौदाचा. त्यात सोफा, टीव्ही, माझा दिवाण आणि कालपरवापर्यंत एक काचेची शोकेस. मुंबई, ठाणे, डोंबिवली, पुणे, कुठेही जा. वन बीएचकेतला हॉल म्हणजे बैठकीची खोली, जेवणाची खोली, आजीची झोपायची खोली, अभ्यासिका आणि पोरांचं अंगण, सगळं एकच. त्याच्यावर कोणाचा किती हक्क? पाहुणे आमच्याकडे महिन्यातून फार तर तीनदा येतात, दीड-दोन तास बसतात. म्हणजे महिन्याचे सहा तास. नात बसते रोज बारा तास. गणिताचा माझा आणि शाळेचा फारसा संबंध नव्हता (मी मराठी शिकवायचे), पण एवढा हिशेब मलाही येतो. सहा तासांच्या माणसांसाठी तीनशेसाठ तासांच्या माणसाला दिवाणाखाली सारायचं, हा कुठला न्याय?

यावर माझ्या वयाच्या मंडळींचं उत्तर ठरलेलं असतं. "आमच्या वेळी कुठे होती एवढी खेळणी? आम्ही नाही का वाढलो?" वाढलो की! मी स्वतः चाळीत वाढले. मुंबईतल्या बीडीडी चाळींतली खोली १६० चौरस फुटांची असते, आमची खोलीही साधारण तेवढीच. त्यात आम्ही आठ माणसं. खेळण्यांची म्हणून घरात जागा एकच, बिस्किटांचा पत्र्याचा डबा. त्यात सागरगोटे, काचेच्या बांगड्यांचे तुकडे, चार-सहा गोट्या, एक भोवरा, बस्स. पण याच्यापुढचं वाक्य माझ्या वयाची मंडळी विसरतात. आम्हाला गॅलरी होती! जिना होता, चौक होता, मागचं मैदान होतं. लगोरीला फुटक्या कौलांचे तुकडे लागायचे, विटीदांडूला झाडाची फांदी, लंगडीला तर काहीच नाही. आमचं खेळण्यांचं कपाट घराबाहेर होतं आणि ते अख्ख्या चाळीचं होतं. आई दार लोटायची आणि हॉल आपोआप आवरलेला असायचा.

आज आमच्या सोसायटीत खाली काय आहे? गाड्या. जिथे मुलांनी पळायचं तिथे पिवळे पट्टे मारून नंबर घातलेत. उरलेल्या जागेत पाटी आहे, 'येथे खेळू नये'. अंगण आपणच काढून घेतलं, आणि आता ते अंगण दहा बाय चौदाच्या हॉलमध्ये येऊन बसलं तर 'पसारा' म्हणून ओरडतो. पोरांनी जायचं कुठे? मोबाइलमध्ये? मोबाइल फार नीटनेटका असतो हो. एक खडू सांडत नाही.

दुसऱ्याला बोलण्याआधी स्वतःचा गुन्हा कबूल करते.

१९८६ साली माझे धाकटे दीर दुबईहून आले. येताना त्यांनी मुलासाठी एक गाडी आणली. लाल रंगाची, बॅटरीवर चालणारी, वर दिवा फिरणारी, भिंतीला आपटली की स्वतःहून वळणारी. तशी गाडी आमच्या अख्ख्या मजल्यावर कोणी बघितली नव्हती. मुलगा तेव्हा सहा वर्षांचा. दिरांनी त्याला एकदा चालवून दाखवली. त्यानंतर मी ती पुसली, डब्यात घातली, आणि चार दिवसांनी डबाही फेकून गाडी शोकेसमध्ये ठेवली. डाव्या बाजूला काचेची बदकं, उजवीकडे ताजमहाल, मधे गाडी. आणि काचेला कुलूप. "फुटेल. मोठा झालास की खेळ." पाहुणे आले की मी कुलूप काढायची, गाडी दाखवायची, परत ठेवायची.

खोटं वाटेल, पण त्या काळात बहुतेक घरांत हेच चालायचं. परदेशातून आलेलं खेळणं मुलासाठी नसायचंच, ते पाहुण्यांसाठी असायचं. कित्येक घरांत तर बाहुल्यांच्या अंगावरचं प्लॅस्टिकसुद्धा काढत नसत.

तो रविवार उलटल्यावर एके संध्याकाळी मी मुलाला सहज म्हटलं, "तुझी गाडी बघ, चाळीस वर्षं झाली, अजून कशी नवी आहे." तो पेपर वाचत होता. वर न बघता म्हणाला, "नवीच असणार, आई. मी कधी खेळलोच नाही." आवाजात राग नव्हता, टोमणाही नव्हता. पान उलटून तो पुढे वाचत राहिला. चौतीस वर्षं मी शाळेत शिकवलं. पालकसभेत मुलांच्या मनाबद्दल किती बोलले असेन! आणि माझ्या स्वतःच्या घरात काचेमागे काय ठेवलं होतं, ते मला चाळीस वर्षांनी कळलं.

तेव्हा मंडळी, हा लेख मी कोणा शहाण्या आजीच्या भूमिकेतून लिहीत नाहीये. कुलूप लावणारीच्या भूमिकेतून लिहितेय.

आता तुम्ही म्हणाल, शोकेस गेल्या, तो जमाना गेला. गेला कसला! शोकेसने वेष बदलला आहे. या वर्षी आमचा हॉल नव्याने करायचं घरात ठरलं. इंटिरियरचं काम करणारी एक मुलगी आली. हुशार, गोड बोलणारी. तिने लॅपटॉपवर चित्र दाखवलं. फिक्या रंगाचा सोफा, जमिनीपासून छतापर्यंत बंद कपाटं, त्यांना मूठसुद्धा नाही, एका कोपऱ्यात कुंडी. मी विचारलं, "खेळणी कुठे?" ती म्हणाली, "वरच्या कप्प्यात, काकू. दिसणारच नाहीत!" मी विचारलं, "आणि माझा दिवाण?" ती म्हणाली, "तो फोल्डिंगचा करू. दिवसा भिंतीत जाईल. तोही दिसणार नाही."

चित्र खरंच सुंदर होतं. फक्त त्यात नात नव्हती आणि मी नव्हते. बाकी सगळं होतं.

वरचा कप्पा म्हणजे काय, ते समजून घ्या. जे खेळणं वर आहे, ते मुलाला मागावं लागतं. मागितल्यावर मोठ्या माणसाने स्टूल घ्यायचं, काढून द्यायचं, संध्याकाळी परत चढवायचं. म्हणजे काढणारीही आपणच, ठेवणारीही आपणच, आणि वर "तुला आवरायला नको!" म्हणून ओरडणारीही आपणच. ज्या कप्प्याला हात पोचत नाही, तो कप्पा पोर आवरणार कसा?

बाजारात मिळणारी मोठी झाकणाची टोपली, तीही तसलीच. सूनबाईने मागे एक आणली होती. दिसायला छान, वर हसरं अस्वल. आठ दिवसांत तिचं गाठोडंच झालं. लहान मुलाच्या लेखी जे दिसत नाही ते नसतंच. हवी असते एक बाहुली, ती असते तळाशी, म्हणून पोर अख्खी टोपली उपडी करते. आपण म्हणतो, किती पसारा करते! ती पसारा करत नसते हो, ती शोधत असते. पसारा त्या टोपलीने केलेला असतो.

बायांनो, आपण स्वयंपाकघरात असं करतो का? मोहरी, जिरं, हळद, तिखट, हिंग एका पिंपात ओतून झाकण लावतो? नाही ना? मग आपल्या मिसळणाच्या डब्याकडे बघा. एकच डबा, आत सात वाट्या, प्रत्येक वाटीत एकच जिन्नस, झाकण उघडलं की सगळं एका नजरेत. अंधारातसुद्धा हात बरोबर मोहरीवर पडतो. हे शहाणपण आपल्या घरात पिढ्यान्‌पिढ्या आहे, ते फक्त ओट्यावरून खाली जमिनीवर उतरवायचं आहे.

आणि हे काही मी शोधून काढलेलं नाही. मारिया मॉन्टेसरींनी १९०७ साली रोममध्ये आपलं पहिलं बालगृह काढलं, तेव्हाच मुलांच्या उंचीची उघडी कपाटं, मुलांच्या मापाची टेबलं-खुर्च्या, प्रत्येक वस्तूला ठरलेली जागा, हे सगळं तिथे आलं. आपल्याकडे गिजुभाई बधेकांनी १९२० साली भावनगरला बालमंदिर सुरू केलं. ताराबाई मोडक तिथे काम करून शिकल्या. १९२६ साली नूतन बालशिक्षण संघ निघाला आणि १९४५ साली ताराबाईंनी बोर्डीला बालवाडी काढली. अनुताई वाघ तिथेच त्यांना येऊन मिळाल्या. तिथे महागडी साधनं कुठून असणार? शंख-शिंपले, बिया, पानं, दगड, हीच साधनं. शंख शंखांच्या जागी, बिया बियांच्या जागी, मुलांच्या हाताला येतील अशा. गवताच्या झोपडीत राहणाऱ्या मुलांना जे मिळालं, ते आपल्या टाइल्सवाल्या हॉलमधल्या मुलांना का मिळू नये? पैशाचा प्रश्न नाही, उंचीचा आहे. खेळणं कोणाच्या उंचीवर ठेवायचं, पाहुण्यांच्या नजरेच्या की मुलाच्या हाताच्या?

आता आम्ही प्रत्यक्ष काय केलं ते सांगते. (नुसत्या गोष्टी सांगू नका, करायचं काय ते सांगा, असं पुण्याच्या वन्संचं म्हणणं असतं.)

सगळ्यात आधी टीपॉय काढला. हॉलच्या मधोमध बसलेला तो चौकोन कोणाच्याच कामाचा नव्हता, आल्यागेल्याचे गुडघे मात्र फोडायचा. चहाचे कप आता सोफ्याशेजारच्या स्टुलावर असतात. टीपॉय गेल्याबरोबर सहा बाय चारची सतरंजी पसरेल एवढी मोकळी जमीन मिळाली. दुसरं, शोकेस गेली. तिच्या जागी खिडकीखाली सुताराकडून एक साधं उघडं फडताळ करून घेतलं. तीन फूट लांब, दोन फूट उंच, एक फूट खोल, आत दोन कप्पे. दारं नाहीत, काच नाही, कुलूप तर नाहीच. कडा गोल घासून घेतल्या आणि मागून पट्टीने भिंतीला स्क्रू मारले. हे विसरू नका. पोरं फडताळावर चढतातच, आणि मोकळं उभं असलेलं कपाट अंगावर येऊ शकतं.

कप्प्यांत सहा उथळ ट्रे आहेत. ठोकळे, भातुकली, गाड्या आणि प्राणी, बाहुलीचं सामान, खडू-कागद, आणि सहावा ट्रे 'काहीबाही'चा. आगपेट्या, बुचं, झाडाच्या शेंगा, बटणं यांचाही मान ठेवायला हवा! प्रत्येक ट्रेवर आत काय आहे त्याचं चित्र चिकटवलंय, कारण नातीला अजून वाचता येत नाही. जोडकोड्यांचे खोके आठ दिवसांत फाटतात. म्हणून प्रत्येक कोड्याला जुन्या ब्लाउजपिसाची नाडीची पिशवी शिवली आणि खोक्यावरचं चित्र कापून तिच्यावर टाचलं. एक कोडं, एक पिशवी, फडताळाच्या बाजूला खिळ्यांना टांगलेली. गोट्या आणि छपाईच्या बारीक मण्यांची डबी मात्र वर, आमच्या ताब्यात. बटणाएवढ्या बॅटरीवर चालणारी खेळणी तर स्क्रूने घट्ट बंद झाकणाची नसतील तर घरातच नकोत. ती बॅटरी गिळली तर अन्ननलिका भाजते. इथे मोकळेपणाची चैन नाही.

खेळ सतरंजीवर. खेळ संपला की सतरंजीची चार टोकं उचलायची, सगळं मधे येतं, आणि तिथून आपापल्या ट्रेमध्ये जातं. तोच चादरीचा प्रकार, पण इथे गाठोडं बांधत नाहीत, सोडतात.

आणि फडताळाचा वरचा फळा मोकळा. त्याला आम्ही 'चालू काम' म्हणतो. अर्धवट बांधलेला किल्ला, अर्धं लागलेलं कोडं, बाहुलीचा दवाखाना, जे संपलं नसेल ते रात्री तिथेच राहतं. शाळेत एखाद्या पोराने फळ्यावर अर्ध गणित सोडवलं असताना मी डस्टर फिरवला असता का? मग घरी बरोबर आठ वाजता "चला, मोडा आता" का म्हणायचं?

बाहेर एका वेळी बारा-चौदाच खेळणी. बाकीची दिवाणातल्या पेटीत. दर दुसऱ्या रविवारी नात आणि मी बसून अदलाबदल करतो. काय आत जायचं ते ती ठरवते. पेटीतून महिन्याने बाहेर आलेला जेसीबी नव्यासारखा वाटतो, तीन चाकांसकट!

मोजकीच खेळणी बाहेर ठेवणं काही माझ्या मनचं नाही. अमेरिकेतल्या टोलेडो विद्यापीठातल्या संशोधकांचा एक अभ्यास २०१८ साली प्रसिद्ध झाला. दीड ते अडीच वर्षांची ३६ मुलं घेतली. एकदा प्रत्येकापुढे ४ खेळणी ठेवली आणि एकदा १६. चारच असताना मुलं एकेका खेळण्याशी जास्त वेळ रमली आणि जास्त तऱ्हांनी खेळली. आमच्या पत्र्याच्या डब्याचं रहस्य हेच होतं बहुधा. सागरगोटे पाचच असतात, पण त्यांचे खेळ किती!

इथे नातेवाईकांनो, तुमच्याशी दोन शब्द. राग मानू नका, मानलात तरी चालेल. गेल्या वाढदिवसाला नातीला सव्वीस भेटी आल्या. त्यात एक बसून चालवायची मोटार होती, जी आमच्या हॉलमध्ये वळत नाही, एक घसरगुंडी होती, जी ठेवली तर मला उभं राहून झोपावं लागेल. तुमचं प्रेम मला कळतं. पण ते प्रेम ठेवायचं कुठे? आधी ढीगभर आणायचं आणि मग पसारा म्हणून नाकं मुरडायची, हे दोन्ही एकाच तोंडाने नको. आणायचंच असेल तर एक गोष्टीचं पुस्तक आणा, किंवा सावंतवाडीचं एखादं लाकडी खेळणं आणा. दुकानातलं घेणार असाल तर आयएसआयची खूण बघून घ्या, १ जानेवारी २०२१ पासून ती सक्तीची आहे. आणि सगळ्यात चांगलं म्हणजे रिकाम्या हाताने या आणि तासभर सतरंजीवर बसा. तिला सव्वीस खेळण्यांपेक्षा एक गिऱ्हाईक हवं असतं. तिची भाजी कोणीच विकत घेत नाही हो!

आता दुसरी बाजू. ती नाही मांडली तर सूनबाईवर अन्याय होईल.

ती सकाळी ७:४२ ची लोकल पकडते आणि रात्री आठला घरात पाय टाकते. एकदा टाकला तो नेमका ठोकळ्यावर पडला. कळवळली बिचारी. मी माझी ही सगळी तत्त्वं तिला ऐकवली तेव्हा ती म्हणाली, "आई, तुमचं सगळं पटतं. पण दिवसभर ऑफिसात दुसऱ्यांचा पसारा आवरून मी घरी येते. मला एक कोपरा तरी असा हवा, जिथे काही पडलेलं नाही. मी पण याच घरात राहते ना?"

मी गप्प बसले. कारण ती खरं बोलत होती. मुलाला हॉलमध्ये जागा हवी हे जितकं खरं, तितकंच त्या थकलेल्या बाईला मोकळी जमीन हवी हेही खरं. आणि आपल्याकडे 'मुलांना मोकळं खेळू द्या' असं भाषण देणारा एक असतो आणि नंतर वाकून गोळा करणारी दुसरी असते, हे मी माझ्याच संसारात बघितलंय.

पण म्हणूनच तर खालचं फडताळ! वरचे कप्पे आणि झाकणाच्या टोपल्या मुलाला आवरायला शिकवूच शकत नाहीत, म्हणून ते काम जन्मभर आईच्या गळ्यात पडतं. फडताळ झालं तेव्हा पहिले आठ दिवस नात आणि मी मिळून आवरायला पंचवीस मिनिटं लागायची. मी एक ठेवायचे, ती दोन काढायची. आता साडेसातची बातमीपत्राची धून वाजली की ती ट्रे भरायला लागते, आठ-दहा मिनिटांत होतं. रोज नाही. आठवड्यातून दोनदा तरी संप असतो, तेव्हा मुलगा वाकतो. (हो, मुलगा. सूनबाई नाही. तेही ठरवून घेतलंय.) आणि सूनबाईला हवा होता तो कोपरा, खिडकीजवळची खुर्ची आणि तिच्या पुढ्यातली चार फरशा, तिथे एकही खेळणं जात नाही. ती हद्द नातीने स्वतः खडूने आखली आणि त्या रेषेला 'आईचं ऑफिस' असं नाव दिलं.

नीटनेटकेपणाला माझा विरोध नाही. मास्तरणीचा कसा असेल? माझा विरोध आहे तो नीटनेटकेपणा कोणासाठी याबद्दलच्या खोटेपणाला. वस्तू जागच्या जागी असावी ती हवी तेव्हा सापडावी म्हणून. वस्तूच नाही असं दाखवण्यासाठी जे करतो, ते आवरणं नव्हे, ती सारवासारव. आणि मुलं ती बरोबर ओळखतात. त्या रविवारी दारात उभी राहून नात काय शिकली असेल? की लोक येतात तेव्हा आपल्या वस्तूंची लाज वाटायची असते. त्या वस्तूंची की आपली, हा फरक साडेचाराव्या वर्षी कळत नाही. मला तर पंचाहत्तरीला, दिवाण भिंतीत जायची वेळ आली तेव्हा कळला.

इंटिरियरवाल्या मुलीला आम्ही नाही म्हटलं. दिवाण आहे तिथेच आहे. भिंतींना मात्र रंग लावून घेतला.

आणि ती लाल गाडी? शोकेस काढली त्या दिवशी मी ती नातीच्या हातात दिली. बॅटरीची जागा गंजली होती, चालली नाही. तिने ती हाताने ढकलली, सोफ्यावरून उडवली, दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत तिचं एक चाक निघालं. माझा जीव अजूनही चर्र झाला, खोटं कशाला बोलू. चाळीस वर्षं जपलेलं चाक! मुलगा ऑफिसातून आला, त्याने कपडेसुद्धा बदलले नाहीत. स्क्रूड्रायव्हर घेऊन सतरंजीवर बसला. चाक बसवलं, मग गाडी उघडली, तारा बघितल्या. जेवायला दोनदा हाक मारली तरी उठेना. सव्वानऊला 'चालू काम'च्या फळ्यावर उघडी गाडी, चार स्क्रू आणि एक चिठ्ठी होती. नातीने वडिलांकडून लिहून घेतलेली, 'हात लावू नये'.

मी लावला नाही.

असो. गणपतीत तुम्ही सगळे येणारच आहात. या वेळी गाठोडं बांधणार नाही, आधीच सांगून ठेवते. फडताळ दिसेल, ट्रे दिसतील, सतरंजीवर काही ना काही मांडलेलं असेल. चपला दारात काढा आणि खाली बघून चाला. आणि निघताना काही म्हणावंसं वाटलंच, तर 'इथे लहान मूल आहे हे लगेच कळतं हो' असं म्हणा. त्या दिवशी मी पोह्यांवर खोबरं जास्त घालीन.